बिलावरचं नाव

मोरा बंदरावरून भाऊच्या धक्क्याला जाणारी पहिली लाँच धरायची तर पहाटे उठावं लागतं. न्हावा-शेव्याच्या कंटेनर यार्डात रात्रपाळी करणारा माणूस उजाडता उजाडता घरी येऊन आडवा होतो. एकाच घरात असे दोघं राहत असतील तर भांडणाला वेगळं कारण शोधावं लागत नाही.

मोऱ्याच्या कोळीवाड्यातल्या एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर तिघं राहत होते. एकमेकांना ते गावावरूनच हाक मारत. सांगलीकर माझगावच्या एका वर्कशॉपमध्ये फिटर होता. त्याचं सगळं आयुष्य भरती-ओहोटीच्या वेळापत्रकावर चाललेलं, कारण मोऱ्याच्या धक्क्याशी गाळ साचतो आणि मोठ्या ओहोटीला लाँच लागतच नाही. उशीर झाला की पगार कापला जाई. चिपळूणकर वयानं लहान, द्रोणागिरीच्या बाजूला एका गोदामाच्या ऑफिसात बिलं फाडायचा आणि सांगलीकरला दादा म्हणायचा. तिसरा लातूरकर. तो सगळ्यांत शेवटी आला, एजंटनंच आणून ठेवला. कंटेनर मोजणारा टॅली क्लार्क, कायम रात्रपाळी.

लातूरकर सोबत राहायला सोपा नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. सकाळी साडेसातला नळाला पाणी यायचं तेव्हा घरात तो एकटा असे. पिंप भरणं हे त्याचं काम, असं बाकीच्या दोघांनी परस्पर ठरवून टाकलेलं. तो मात्र दार लावून झोपे, आणि सांगलीकर संध्याकाळी दमून आला की आंघोळीला पाणी नसे. बांगड्याचे काटे ताटात तसेच वाळत पडत. सुट्टीच्या दिवशी यार्डातले दोघं-तिघं मित्र येत आणि मध्यरात्रीपर्यंत मोबाइलच्या स्पीकरवर गाणी चालत. उन्हाळा लागला तसा त्यानं जुना कूलर आणला. तो दिवसभर घरघरत राही, आणि लाइटचं बिल सोळाशेवरून एकवीसशेवर गेलं.

बिलाचा तिसरा हिस्सा मागितला की तो म्हणे, ‘माझं सगळं धरून ठरलंय.’ त्यापलीकडे एक शब्द नाही.

पहिले चार महिने सांगलीकर आणि चिपळूणकरनं निम्मं निम्मं बिल भरलं. मग सांगलीकर हट्टाला पेटला. तो भरणार नाही तर मीही भरणार नाही. तीन महिन्यांची बिलं दाराच्या खिळ्याला टोचून ठेवली गेली. जाता-येता लातूरकरला ती दिसावीत, एवढाच हेतू.

एजंटला फोन केला की त्याची उत्तरं ठरलेली असत. ‘बघतो.’ ‘मालकांच्या कानावर घालतो.’ ‘मालक मुंबईत असतात, फोन उचलत नाहीत, सगळं माझ्याकडेच दिलंय.’ जास्त ताणलं की आवाज बदलायचा. ‘रेल्वे आली, अटल सेतू झाला, आता या भाड्यात उरणला खोली मिळायची नाही. नको असेल तर सांगा, रांग लागलीय.’ त्यात तथ्य होतं म्हणून भीतीही वाटे. १२ जानेवारी २०२४ ला एकाच दिवशी शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतूचं आणि खारकोपर ते उरण रेल्वेचं उद्घाटन झालं, आणि तेव्हापासून उरण तालुक्यात जागेचं बोलणं निघालं की दोन वाक्यांत ते तिथं येऊन थांबतं. समोर मुंबई दिसत असूनही लाँचवर आणि एसटीवर अवलंबून राहिलेला हा मुलूख. भाव वाढणार म्हटलं की भाडेकरूच्या पोटात गोळा येणारच.

एजंटची आणखी एक रीत होती, ती पुढे उघडी पडली. सांगलीकरला बाजूला घेऊन तो सांगे, ‘लातूरकरच्या वाकड्यात जाऊ नका, त्याची वरपर्यंत ओळख आहे.’ लातूरकरला सांगे, ‘ते दोघं तुला काढायच्या मागे आहेत, मीच सांभाळून घेतोय.’ दोघांनाही तो आपला माणूस वाटावा, अशी सोय.

मेच्या शेवटी महावितरणची नोटीस आली. वीज कायद्यानुसार थकबाकीसाठी पुरवठा तोडण्याआधी १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, ती ही. थकबाकी ६,३०० रुपये. एजंट म्हणाला, ‘तुमचं तुम्ही बघा.’

धक्क्याच्या रस्त्यावर एका म्हाताऱ्यांची चहाची टपरी होती. सगळे त्यांना आबा म्हणत. ते मूळचे साताऱ्याकडचे, लालबागच्या गिरणीत साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यात नोकरी गेली. पुढं न्हावा-शेवा बंदराचं काम निघालं तसे मजुरीला इकडे आले आणि इथलेच झाले. सांगलीकर लाँच चुकली की त्यांच्याकडे बसे. त्या दिवशी त्यानं नोटीस दाखवली आणि म्हणाला, ‘आबा, तुम्ही वयानं मोठे, एकदा येऊन त्या लातूरकरला दम द्या.’

आबांनी ग्लास पुढं ठेवला. दम द्यायची गोष्ट त्यांनी केलीच नाही. लालबागच्या खोलीचं सांगायला लागले.

या खोल्यांबद्दल इथं थोडं थांबून सांगितलं पाहिजे, कारण महाराष्ट्रात एकत्र राहण्याची सगळ्यांत मोठी शाळा तीच होती. गिरणगावात गावोगावच्या मंडळींनी चाळींमध्ये खोल्या घेतलेल्या असत. बायका-पोरं गावी, आणि खोलीत वीस-पंचवीस गडी. एका पाळीचा माणूस कामावर गेला की दुसऱ्या पाळीचा त्याच जागेवर अंथरूण टाकी. प्रत्येकाची एक पेटी, एक वळकटी. जेवण खाणावळवाल्या बाईकडे, महिन्याच्या उधारीवर. त्या बायकांना सावकारापासून सोडवण्यासाठीच प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं. धोबी तलावाकडे गोवेकरांचे ‘कूड’ होते, तिथंही गावावार जागा. पंचवीस माणसं एका खोलीत वर्षानुवर्षं राहिली, ती सगळी संत होती म्हणून नव्हे. दारूडे होते, चोरटे होते, घोरणारे होते, उधारी बुडवणारे होते. तरीही खोली मोडली नाही.

‘आमच्याकडं वही होती,’ आबा म्हणाले. ‘कुणी किती दिले, कुणाचे राहिले, सगळं वहीत. पगार झाला की सगळे बसायचे. आणि कुणाची तक्रार आली तर आधी त्याचं म्हणणं लिहायचं. मग त्याच्यावर बोलायचं. ऐकून न घेता कुणाची वळकटी बाहेर टाकली नाही कधी.’

मग त्यांनी सांगलीकरला विचारलं, ‘तो पैसे का देत नाही?’

‘म्हणतो, सगळं धरून ठरलंय. खोटं बोलतो.’

‘कुणाशी ठरलंय?’

‘एजंटशी.’

‘मग एजंट काय म्हणतो?’

‘एजंट म्हणतो, तो खोटं बोलतो.’

‘आणि मालक?’

‘मालक मुंबईत असतात. आम्ही बघितलेलं नाही.’

आबांनी चष्मा लावला आणि नोटिशीला जोडलेलं बिल हातात घेतलं. आकड्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. वरच्या ओळीवर बोट ठेवून ते म्हणाले, ‘हे नाव कुणाचं?’

सांगलीकर गप्प. सात महिने ते बिल घरात येत होतं, त्याच्यावरून शिव्या झाल्या, दारं आपटली, बोलणं बंद झालं. त्यावर ग्राहकाचं नाव छापलेलं असतं हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. नाव एका बाईचं होतं.

‘ही मुंबईत कुठली असायला? ही करंजाची. बाजारात मासळी विकते. हे घर तिच्या नवऱ्याचं. तो गेल्यावर ती माहेरी पोरांजवळ राहायला गेली. रिक्षानं गेलास तर अर्धा तास लागायचा नाही.’

सांगलीकरला लगेच निघायचं होतं. आबांनी थांबवलं. ‘तिघं जा. दोघं गेलात तर तिसऱ्याची चुगली होईल.’

सगळ्या गोष्टीत अवघड काम हेच होतं, आणि ते चिपळूणकरनं केलं. सांगलीकरला ते जमलं नसतं. रविवारी दुपारी लातूरकर उठल्यावर चिपळूणकर त्याच्याजवळ जाऊन बसला. पैशाचा विषय काढला नाही. ‘एजंट तुला नेमकं काय म्हणाला होता, ते सांगशील?’

लातूरकरनं मोबाइल काढला, बराच वेळ मागे मागे सरकवत नेला आणि समोर धरला. व्हॉट्सअ‍ॅपवर एजंटचा निरोप होता: भाडं ३,५००, लाइट पाणी सगळं धरून. खाली लातूरकरचं ‘ओके’.

सांगलीकर आणि चिपळूणकर ३,००० देत होते, लाइट वेगळं. घराचं भाडं ९,००० आणि बिल तिघांत, असं त्यांना सांगितलेलं.

सांगलीकरनं निरोप दोनदा वाचला. ‘हे आधी दाखवलं का नाहीस?’

‘तू विचारलंस कधी? पहिल्याच महिन्यात बिल माझ्या गादीवर टाकून गेलास. मी आईबापापासून लांब येऊन राहतोय, भिकारी नाही. म्हटलं, मर.’

यावर सांगलीकरला उत्तर सुचलं नाही. पिंपाचं, काट्यांचं, मित्रांचं म्हणणं त्याच्या जिभेवर होतं आणि ते खोटंही नव्हतं. पण ज्या गोष्टीवरून त्यानं माणसाला सात महिने लबाड ठरवलं, ती गोष्ट पडद्यावर लिहिलेली होती.

माझं याबाबत ठाम मत आहे. सोबत राहणारा माणूस त्रासदायक आहे हे खरं असू शकतं, आणि त्याच वेळी त्याच्यावर अन्याय होतोय हेही खरं असू शकतं. आपण यातलं एकच धरतो. ताटं न घासणारा माणूस पैशातही खोटाच असणार, असं मन परस्पर ठरवून मोकळं होतं. मधल्या माणसाचा धंदा या सवयीवर चालतो.

करंजाच्या कोळीवाड्यात, द्रोणागिरीच्या डोंगराखाली, ती मावशी ओट्यावर जाळं निवडत बसली होती. तिघं अनोळखी पोरं बघून आधी तिला वाटलं, वर्गणीवाले आले. मोऱ्याच्या घरात राहतो म्हटल्यावर तिनं जाळं खाली ठेवलं.

‘तुमी तेच काय? भारं येलंवर न देणारे? मना त्यो एजंट दर म्हयन्याला सांगतंय, पोरं भांडतान, पैसं अडवतान.’

‘मावशी, आम्ही एकही महिना चुकवला नाही,’ सांगलीकर म्हणाला.

‘मंग किती देताव?’

तिघांनी आपापला आकडा सांगितला. तीन, तीन आणि साडेतीन हजार. मावशी उठली, आत गेली आणि देव्हाऱ्याखालून शाळेची एक वही घेऊन आली. तिला लिहिता येत नव्हतं, नात लिहून द्यायची. वहीत दर महिन्यापुढे ७,५०० होते. पोरं देत होती ९,५००. महिन्याला दोन हजार मधल्या मधे राहत होते, आणि लातूरकरनं लाइटसाठी म्हणून दिलेले पाचशे त्यातच होते.

नोटीस दाखवल्यावर मावशीचा चेहरा उतरला. मीटर तिच्या नावावर होतं. ‘मना कोनी सांगलाच नाय,’ एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

तिथंच, त्या ओट्यावर, चिपळूणकरनं नातीच्या वहीचं कोरं पान मागून घेतलं. सात महिन्यांची बिलं मिळून १२,७००. प्रत्येकाचा तिसरा हिस्सा ४,२३३. लातूरकरनं एजंटला लाइटपोटी दिलेले सात महिन्यांचे ३,५००. फरक ७३३ रुपयांचा. ज्या माणसाला फुकट्या म्हणून घरात वाळीत टाकलं होतं, त्याच्याकडून हिशेबानं निघत होते ७३३ रुपये. लातूरकरनं आकडा बघितला आणि आपण होऊन म्हणाला, ‘कूलर माझा आहे. उन्हाळ्यातलं जास्तीचं मी देईन.’ मागून मिळालं नव्हतं ते न मागता मिळालं.

एजंटनं तिघांना जो कागद दिला होता तो मावशीच्या मुलानं उरणला एका बाईंकडे नेला. त्या ऑनलाइन भाडेकरार नोंदवून देतात. बाईंनी कागद बघून डोक्यालाच हात लावला. साध्या स्टॅम्पपेपरवर टाइप केलेला, अकरा महिन्यांचा. ‘अकरा महिन्यांचा आहे, नोंदणी लागत नाही’ असं एजंटनं सगळ्यांना सांगितलं होतं.

हा समज महाराष्ट्रात इतका मुरलेला आहे की तो नीट उकलून सांगायलाच हवा. १९०८ च्या नोंदणी कायद्यात एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची आहे. ती चुकवायला देशभर अकरा महिन्यांची प्रथा पडली. पण महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नं ती पळवाट बंद केली. हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. ‘लिव्ह अँड लायसन्स’ करार कितीही महिन्यांचा असो, तो लेखी हवा आणि नोंदलेला हवा. नोंदणी करून घेण्याची जबाबदारी मालकावर. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि भाडेकरूनं लक्षात ठेवावी अशी ओळ पुढे आहे: नोंदलेला लेखी करार नसेल, तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगतो ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरलं जातं. म्हणजे लातूरकरचं ‘सगळं धरून ठरलंय’ हे वाक्य कायद्याच्या दारातही वजनदार होतं. याच कायद्याच्या कलम २९ नं मालकाला पाणी-वीज अशा गरजेच्या सोयी विनाकारण तोडायलाही मनाई केली आहे. जागा खाली करायला मीटर काढून नेण्याच्या धमक्या ऐकणाऱ्यांना हे माहीत नसतं.

मावशीला हे ऐकून धक्का बसला. एजंटच्या आळसासाठी तुरुंगाची पाळी तिच्यावर आली असती. शिवाय भाडेकरूंची माहिती मोरा सागरी पोलीस ठाण्यात द्यायला हवी होती, तीही दिलेली नव्हती. तिच्या मुलानं एजंटला फोन लावला. आधी तो म्हणाला, वरचे पैसे मेंटेनन्सचे. मग म्हणाला, विसरलो. पोलिसांत जाऊन माहिती देतोच आहोत तर हेही सांगतो, असं मुलानं म्हटल्यावर त्यानं चौदा हजारांपैकी आठ हजार दोन हप्त्यांत परत केले. उरलेले मावशीनं सोडून दिले. गावातला माणूस, उद्या तोंड बघायचं, असं तिचं म्हणणं. मला हे पटलेलं नाही. अशी माणसं या सोडून देण्यावरच पुढची घरं फोडतात, आणि तिनं लेखी तक्रार करायला हवी होती. पण पैसे तिचे होते आणि गावही तिचं.

नोटिशीची मुदत संपायच्या आत थकबाकी भरली गेली. परत आलेल्या पैशातले ३,५०० मावशीनं त्यात घातले, बाकीचं तिघांनी हिशेबाप्रमाणे. नवा करार मावशीच्या ओट्यावर झाला. बाईंनी लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र आणलं, चौघांचे फोटो घेतले, अंगठे घेतले. भाडं ९,०००, थेट मावशीच्या मुलाच्या खात्यात. तिघांचीही नावं करारात.

करारात न बसणाऱ्या गोष्टी चिपळूणकरनं वेगळ्या कागदावर लिहिल्या आणि बिलांच्या खिळ्याला लावल्या. बिल तिघांत सारखं, कूलरच्या महिन्यांत लातूरकरचे तीनशे जास्त. सकाळी आठ ते दुपारी दोन घरात आवाज नाही, कुणाचा फोनही स्पीकरवर नाही. ही ओळ लातूरकरनं मागितली, आणि सात महिने आपली रविवारची सकाळ त्याच्या रात्रीच्या मध्यावर पडत होती हे सांगलीकरला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पिंप लातूरकर भरेल, त्याबदल्यात कचरा सांगलीकर नेईल. ज्याचं ताट त्यानं घासायचं. मित्र आले तर अकराला उठायचं. महिन्याच्या पाच तारखेला तिघांनी बसायचं, कुणाचं काही असलं तर तेव्हा बोलायचं, मध्ये टोमणे नाहीत.

लातूरकर रातोरात बदलला नाही. काटे अजूनही कधी कधी वाळलेले सापडत, आणि पाच तारखेला त्यावरून बोलणं होई. सांगलीकर आणि तो मित्र झाले नाहीत. एकत्र राहायला मैत्री लागतेच असं नाही. एकदा मोठ्या ओहोटीनं संध्याकाळची लाँच रखडली, सांगलीकर रात्री दहाला घरी आला, तर पिंप भरलेलं होतं आणि झाकलेला भात होता. दोघांपैकी कुणीही त्यावर काही बोललं नाही.

पुढच्या दिवाळीनंतर चिपळूणकरची बदली पनवेलला झाली. त्याच्या जागी परभणीचा एक पोरगा आला, उरणच्या दुसऱ्या एका एजंटनं पाठवलेला. पाठीवर सॅक, हातात बादली. दार लातूरकरनं उघडलं. रात्रपाळी करून आला होता, डोळे तारवटलेले. पोरगा घाबरत म्हणाला, ‘एजंटकाकांनी सांगितलंय, माझं भाडं...’

‘थांब,’ लातूरकर म्हणाला. त्यानं खिळ्याचं बिल काढून त्याच्या हातात दिलं आणि सांगलीकरला हाक मारली. ‘वर नाव आहे ना, तिचा नंबर मागे लिहिलाय. आधी तिला फोन लाव, स्पीकरवर नको, दादा आत्ताच झोपेतून उठलाय. ती काय सांगते ते ऐक. मग तुझा एजंट काय म्हणाला ते आम्हा दोघांसमोर बोल. आणि हे बघ, साडेसातला पाणी येतं.’